उद्या किती धरू?

माझ्या खुर्चीत दुसरंच कोणीतरी बसलं होतं आणि सुवर्णा हसत होती. यातलं आधी काय बोचलं ते मला अजूनही नक्की सांगता येणार नाही. मी नेहमीसारखा चार वाजता फिरून सिडकोतल्या घरी आलो, तर दारात एक अनोळखी सँडलचा जोड, नेमका माझ्या चपलांच्या जागी. आणि आतून ते हसणं. तोंडावर हात न ठेवता, मोकळं, निफाडला माहेरच्या ओट्यावर बसून हसावं तसं. लग्नानंतरची पहिली दोन-तीन वर्षं हे हसणं घरात होतं, नंतर ते कुठे गेलं ते मी कधी विचारलं नाही, आणि आता ते परत आलं होतं तर माझ्यामुळे नाही, एवढं मला उंबऱ्यातच कळलं. आत गेलो. माझं टेबल, माझी खुर्ची, निरोप समारंभात शाल-नारळाबरोबर मिळालेला माझा लॅपटॉप. खुर्चीत तिशीतली एक मुलगी, आणि तिच्या मागे उभी राहून, कणकेचा हात हवेत धरून, सुवर्णा पडद्यावरच्या लाल अक्षरांकडे वाकून बघतेय. "अहो, आलात का? ही दीपमाला. तुमचीच विद्यार्थिनी. ओळखलं का?" ती मुलगी चटकन उठली. "सर, बसा ना." मी म्हणालो, "नाही नाही, तू बस." म्हणालो आणि तसाच उभा राहिलो. स्वतःच्या घरात कुठे बसावं हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा पडला. मग झोपाळ्यावर जाऊन बसलो.

सुवर्णा डबे देते. आठ वर्षं झाली. सातपूरच्या कारखान्यांतली पोरं, दवाखान्यातल्या नर्सबाया, आणि आता नव्याने एका प्रशिक्षण संस्थेचं होस्टेल. नवसाबाई पोळ्या लाटायला आणि निवडायला-चिरायला असतात, डबे पोचवायला एक रिक्षावाला आहे. धंद्यात अडचण एकच. उद्या किती जण जेवणार हे कोणीच आदल्या दिवशी सांगत नाही. खाडा असेल तर कळवायचं असा नियम आहे, पण पोरं कळवतात ती सकाळी अकरा वाजता, पोळ्या झाल्यावर. कधी पंधरा डबे उरतात, कधी ऐन वेळी कुकर पुन्हा चढवावा लागतो. त्यात होस्टेल आल्यापासून आकडा नुसता उड्या मारत होता. म्हणून आता हे मशीनवर घ्यायचं ठरलं होतं. मागचे सगळे आकडे मशीनला द्यायचे आणि मशीन उद्याचा आकडा सांगणार. कोणी ठरवलं? सुवर्णाने आणि दीपमालाने, भाजी बाजारात भेट झाली तेव्हा, मेथीच्या जुड्या निवडता निवडता. आणि मी? मी एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. कालमालिका हा माझा हातखंडा विषय. मागच्यावरून पुढचं कसं सांगायचं, हेच मी फळ्यावर खडू झिजवून पिढ्यान् पिढ्या शिकवत आलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पण कळशाने स्वतः उठून कसं सांगायचं, की बाई गं, मी इथे आहे?

दीपमाला मला आठवत होती, नको तितकी. खिडकीजवळचा बाक, कानात कसलंसं निळं. हंगामी बदल म्हणजे काय, असं मी विचारल्यावर उभी राहून म्हणाली होती, "सर, हंगाम म्हणजे द्राक्षांचा का?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. खरं म्हणजे उत्तर फारसं चुकीचं नव्हतं, पण तेव्हा हसायची वेळ होती. आता ती अंबडला एका औषध कंपनीत आहे, पुढच्या महिन्यात किती खोकी लागतील हे ठरवते, आणि त्याचे तिला म्हणे चांगले पैसे मिळतात. "सरांनीच तर शिकवलं," ती सुवर्णाला सांगत होती, आणि सुवर्णा कौतुकाने मान हलवत होती, माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघून. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. हे "सरांनीच" मात्र मिरचीसारखं झोंबलं. मी शिकवलं, मग खुर्चीत तू का?

चूक दाखवणारी ती लाल अक्षरं हटत नव्हती. इंटरनेट मंद, अंदाज काढायचं पॅकेज उतरता उतरता मधेच थांबायचं, पुन्हा पहिल्यापासून. मी झोपाळ्यावर पाय हलवत होतो आणि मनातल्या मनात नवस बोलत होतो की हे होऊच नये. देवाधर्माचं मला काही नाही, तरी बोललो. तेवढ्यात दीपमाला म्हणाली, "सर, तुम्ही आधी हे टाकायचा प्रयत्न केला होता का? अर्धवट पडलंय इथे. त्याच्यामुळेच अडतंय." झोपाळा थांबला. सुवर्णाने वळून बघितलं. "तुम्ही? कधी?" लॉकडाऊनमध्ये केला होता, सुवर्णा. तू स्वयंपाकघरात होतीस, दार लोटून मी बसलो होतो, अशीच लाल अक्षरं आली, एकामागून एक, नापास झालेल्या पोराच्या पेपरावर मी ओढायचो तशा रेघा. तीन दिवस झटलो. मग लॅपटॉप मिटवून वर्तमानपत्र उघडलं आणि कोणाला काही बोललो नाही. हे सगळं तोंडाशी आलं होतं. "कोण जाणे," मी म्हणालो, "दुकानदारानेच भरलं असेल काहीतरी." दीपमालाने मान खाली घालून माझं अर्धवट काढून टाकलं. काढलं आणि पाच मिनिटांत सगळं सुरळीत बसलं. "झालं काकू!" तिने टाळी दिली, सुवर्णाने कणकेच्या हाताने घेतली. पिठाचा डाग माझ्या खुर्चीच्या हातावर पडला. तो मी नंतर पुसला नाही, का ते माहीत नाही.

आता जळफळाटाचं मूळ सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, म्हातारा उगीच एका पोरीवर चिडलाय. रोज संध्याकाळी, बातम्यांच्या आधी, सुवर्णा स्वयंपाकघराच्या दारात यायची, पदराला हात पुसत, आणि विचारायची, "उद्या किती धरू?" मी झोपाळ्यावर. मी लगेच उत्तर द्यायचो नाही. पंख्याकडे बघायचो. मागच्या आठवड्याचा तोच वार, त्याच्या आधीचा, पगाराचा आठवडा आहे का, यात्रा कुठे आहे, कारखान्याला सुट्टी आहे का, हे सगळं मनात फिरवायचो. ती उभी राहायची. मग मी आकडा सांगायचो, आणि ती "बरं" म्हणून आत जायची. बस, एवढंच. पण कॉलेज सुटल्यापासून चार वर्षं दिवसभरात मला कोणी विचारलेला प्रश्न तो एकच. बंगळूरची लेक फोनवर "बाबा, गोळ्या घेता ना?" एवढं विचारते, तो प्रश्न नव्हे, ती हजेरी. सुवर्णाचा प्रश्न खरा होता, त्याच्या उत्तरावर दुसऱ्या दिवशी दीडशे माणसं जेवायची. मी रिटायर होण्याआधीची चार वर्षं तिने कधी विचारलं नव्हतं. तेव्हा बहुधा असंच अंदाजपंचे चालत असेल, असं मी धरून चाललो होतो. त्या दिवशी झोपाळ्यावर बसून मला एवढंच कळत होतं की या मशीनने आकडा सांगितला, तर त्या दारात ती येणार नाही. मला दुसरं काही नको होतं. तिने दारात यावं आणि विचारावं.

दुसऱ्या दिवशी दीपमाला पुन्हा आली. खिळ्यावर एकामागे एक टांगलेली जुनी कॅलेंडरं सुवर्णाने खाली काढली. रोज किती डबे गेले ते ती त्या-त्या चौकोनात लिहिते, "दूध नाही" आणि "गॅस लावला" यांच्या शेजारी. एक वाचत होती, दुसरी टाइप करत होती, मधेच चहा, मधेच कोणाच्या तरी लग्नाची गोष्ट. मग पडद्यावर रेघ उमटली. आठ वर्षांची रेघ, लॉकडाऊनमध्ये जमिनीला टेकलेली, मग चढत आलेली. सुवर्णा किती तरी वेळ नुसती बघत राहिली. "हे मी?" ती म्हणाली. "हे सगळं मी केलेलं?" मी झोपाळ्यावरून ऐकत होतो. हा प्रश्नही मला नव्हता. मग दीपमालाने त्या रेघेचे तुकडे पाडले, वरचा कल, आठवड्याचा चढउतार, आणि खाली एक पट्टी, जिच्यात काही लय नाही, नुसते करवतीचे दात. "आणि हे उरलेलं, काकू. ज्याचं कारण सापडत नाही ते सगळं इथे जातं." ही वाक्यं माझी होती. शब्दन् शब्द. "पण यात दर महिन्याला एक खड्डा पडतोय बघा. तारीख एक नाही, वार एक नाही." आता येईल, मी मनात म्हणालो. आता एक तरी दोघींतली म्हणेल, सरांना विचारू. मला उत्तर माहीत होतं, मी झोपाळ्याच्या कडीला धरून तयार बसलो होतो. "अगं, संकष्टी असते ती!" सुवर्णा म्हणाली. "पोरं उपास धरतात ना. अंगारकीला तर अर्धे डबे." आणि दोघी हसल्या. दीपमालाने लगेच एक नवा रकाना केला, संकष्टी असेल त्या दिवशी एक, नसेल त्या दिवशी शून्य, पुढच्या वर्षभराच्या तारखासुद्धा कॅलेंडरवरचे चंद्र बघून भरून टाकल्या. मी उठून गॅलरीत गेलो आणि तुळशीला पाणी घातलं. तिला सकाळीच घातलेलं होतं.

तेव्हापासून ती दारात आली नाही. वेळ झाली की मी वर्तमानपत्र बाजूला ठेवायचो, चष्मा काढून पुसायचो, उत्तर द्यायला बसलेला माणूस कसा दिसतो तसा बसायचो. आणि ती माझ्या समोरून टेबलाकडे जायची. लॅपटॉप उघडण्याआधी ती हात धुवायची, पदराला नीट कोरडे करायची. माझ्या पुस्तकांना तिने कधी हात धुऊन हात लावला नव्हता. एक बटण दाबायची, गाल हातावर टेकून थांबायची. त्या थांबण्यात जे काही तिच्या चेहऱ्यावर असायचं ना, त्याच्यासाठी मी त्या यंत्राचा खून केला असता. मग स्वतःशीच पुटपुटायची, "एकशे बासष्ट. हं. बरोबर बोलतंय." बरोबर बोलतंय! माणसासारखं! आणि दुसऱ्या दिवशी खरंच एकशे साठ, एकशे चौसष्ट. मी चोरून मनाशी माझाही आकडा धरत होतो. काही दिवस माझा जवळ असायचा, काही दिवस त्याचा. पण माझा कोणी विचारतच नव्हतं, तर जवळ असून उपयोग काय? वरण फुकट गेलं की मला आनंद व्हायचा आणि ते फार थोडं फुकट जायचं. एकदा मी सहज विषय काढला, म्हटलं, "मशीनला काय कळतंय गं, आज सातपूरला बंद आहे ते?" ती म्हणाली, "दीपमाला म्हणते, अशा वेळी आपण हाताने कमी करायचं." दीपमाला म्हणते. घरात उठता-बसता दीपमाला म्हणत होती.

मग निफाडला भाचीची, हर्षालीची, हळद निघाली. सुवर्णाला आदल्या दुपारी जाऊन, हळद-लग्न करून दुसऱ्या संध्याकाळी परत यायचं होतं. पिशवी भरताना मला सूचना चालल्या होत्या, दूधवाला, टाकीचं पाणी, नवसाबाईंना चहात आलं चालत नाही. आणि मग, कानातलं घालता घालता, आरशातूनच, "आणि हो, संध्याकाळी नवसाबाई येतील मटकी भिजत घालायला. मशीन उद्याचं काय म्हणतंय ते तेवढं त्यांना वाचून दाखवा." मी म्हणालो, "वाचून दाखवू?" "हो. ते बटण दाबलं की येतं. सोपं आहे, तुम्हाला जमेल." तुम्हाला जमेल! ती एसटी पकडायला गेली, दार लोटलं गेलं, आणि मी त्या शब्दांसकट घरात राहिलो. एकतीस वर्षं. माझ्या हाताखालून गेलेली पोरं विमा कंपन्यांत आहेत, बँकांत आहेत, एक तर ओझरच्या कारखान्यात विमानाचे भाग मोजतो. आणि मला वाचून दाखवायला जमेल. मी नवसाबाईंना खोटा आकडा सांगू शकलो असतो, त्यांना कुठे काय कळणार होतं. पण आकड्याच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही, ते माझ्या रक्तात नाही. म्हणून मी लॅपटॉप उघडला, दीपमालाच्या त्या तक्त्यात उद्याच्या ओळीवर गेलो, संकष्टीच्या रकान्यात शून्य होतं तिथे एक केला, आणि बटण दाबलं. यंत्राने बिचाऱ्याने विश्वास ठेवला. एकशे अठरा, ते म्हणालं. आतून असं गार वाटलं म्हणून सांगू, उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं. बघू आता कोण बरोबर बोलतंय.

नवसाबाई आल्या. मी खुर्चीत बसूनच वाचून दाखवलं. "एकशे अठरा." त्या मटकीचा डबा हातात धरून उभ्याच राहिल्या. "एवढंच? सर, नीट बगा बरं. उद्या चतुर्थी नाय का काय नाय. एवढी पोरं गेली कुठं?" मी म्हणालो, "मशीन म्हणतंय." "पाच-धा जास्ती धरू का? बाई धरत्यात." "ते मशीनने आतच धरलेलं असतं," मी म्हणालो. शिकवताना यायचा तो माझा जुना आवाज आला होता, शंका बंद करणारा. नवसाबाई म्हणाल्या, "तुमी म्हंता तर आसंल," आणि भिजत घातली. मी शब्दाने खोटं बोललो नव्हतो. यंत्राने जे सांगितलं ते वाचून दाखवलं, मला तेवढंच तर जमणार होतं.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते फोनवरच झालं, आणि फोन घरी माझ्याकडे ठेवून गेली होती ती, धंद्याचा. साडेबाराला पहिला. "काकू आहेत का? आमच्या मजल्यावर डबेच नाही आले." मग दवाखान्यातून एक नर्स, रात्रपाळी करून बसलेली, आवाज थकलेला. "काका, मी डबा आला की जेवून झोपते हो. आता काय करू?" मी म्हणालो, "जरा गडबड झालीय." काय गडबड, असं तिने विचारलं नाही. मग होस्टेलचे अधिकारी, मग आणखी पोरं, मग कोणी नुसतं "काय राव" म्हणून ठेवून दिला. नवसाबाईंनी होतं नव्हतं ते पीठ मळलं, पिठलं टाकलं, रिक्षावाला दुसरी फेरी मारून आला, तरी पंचविसेक माणसं राहिलीच. घामाने निथळत नवसाबाई ओट्याला टेकल्या आणि म्हणाल्या, "जळ्ळं मेलं त्ये मशीन." मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही असंही नाही. झाला, पण त्याच्या मधोमध ती नर्स बसलेली होती, तिला काही केल्या हलवता येईना.

सुवर्णा आली ती हाताला हळद, केसात अबोलीचा गजरा, चेहऱ्यावर लग्नघरचं हसू घेऊन. नवसाबाईंनी उंबऱ्यातच सांगितलं. हसू हळूहळू उतरत गेलं ते मी बघितलं. ओरडली नाही. पिशवी ठेवली, खुर्चीत बसली, एकेकाला फोन लावला. "माझं चुकलं दादा. हो ना, माझंच. उद्यापासून नाही होणार." होस्टेलच्या अधिकाऱ्याने तिला बरंच काही ऐकवलं असावं, ती नुसती "हो सर, हो सर" करत होती. या घरात माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला तरी सर म्हटलं जातंय हे तेव्हाही माझ्या लक्षात आलं, इतका मी गेलेला आहे. शेवटी दीपमालाला. त्या पोरीचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, रडवेला. "काकू, माझंच काहीतरी चुकलं असणार. मी रविवारी येऊन बघते." "तुझं काही नाही गं," सुवर्णा म्हणाली. मग तिने लॅपटॉपवर हात ठेवला, उघडून काही वेळ बघत बसली, मिटला, फडक्यात गुंडाळला आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिला. तोंड धुऊन आली. बातम्या लागायच्या होत्या. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, पदराला हात पुसत, हळद अजून गेली नव्हती. "अहो," ती म्हणाली, "उद्या किती धरू?"

काय सांगू! छातीत असं काही भरून आलं की मला पंख्याकडे बघावंच लागलं. जिंकलो. गेलेली चार वर्षं परत आली, दार आलं, पदर आला, प्रश्न आला. मी घाई केली नाही. बुधवार, पगार झालेला, आज उपाशी राहिलेली काही पोरं रागाने उद्या बाहेर जेवणार. सगळं नीट फिरवून मी म्हणालो, "एकशे पंचावन्न." "बरं," ती म्हणाली आणि आत गेली. बातम्या लावायला मी रिमोट उचलला, पण लावला नाही. ते "बरं" अजून हवेत होतं, ते मला ऐकायचं होतं. म्हणून आतलं ऐकू आलं. सुवर्णा म्हणत होती, "एकशे सत्तरची भिजवा, नवसाबाई." "सर तर एकशे पंचावन म्हनले. म्या ऐकलं की." "म्हणू देत. आज ज्यांचा राहिला त्यांना उद्या मी आधी देणार आहे, आणि होस्टेलला पाच वरचे. तुम्ही सत्तरची धरा. ते सांगतात, आपण आपलं करतो. चार वर्षं काय करतोय मग? नेहमीसारखं." मटकी भांड्यात पडल्याचा आवाज आला. "मंग त्यान्ला इचारता कशाला वो रोज?" नवसाबाई म्हणाल्या. नळ सुरू झाला, बंद झाला. "नाही विचारलं तर दिवसभर तोंड उघडत नाहीत हो," सुवर्णा म्हणाली. "माणूस आहे का भिंत तेच कळत नाही."

मी रिमोट हातात धरून बसून राहिलो. चार वर्षांतले माझे आकडे आठवायचा प्रयत्न केला, एकही आठवेना. एवढा विचार करून सांगितलेले, पंख्याकडे बघून, आणि त्यांतल्या एकाचीसुद्धा कधी पोळी झाली नव्हती. मी दीपमालावर जळलो, मशीनवर जळलो, तिच्या धुतलेल्या हातांवर जळलो, की त्यांनी माझी जागा घेतली. ती जागा मशीनने घेतलीच नव्हती, मशीन सुवर्णाच्या जागी आलं होतं. तिला मदत करत होतं. माझी जागा झोपाळा होती आणि ती तशीच होती, कोणी हात लावला नव्हता. राग यायला हवा होता, आला नाही. लाज आली, तीही उशिरा. आणि खोटं कशाला बोलू, लाजेच्या खाली अजून हेवा होताच. आता तो कोणाचा ते कळत नव्हतं. त्या एकशे सत्तरचा असेल.

दुसऱ्या दिवशी ती डब्यांत गुंतलेली असताना मी कपाट उघडलं. साड्यांच्या खालून लॅपटॉप काढला. निदान केलेलं निस्तरावं, तो एक पुसून शून्य करावा, म्हणजे रविवारी ती पोर येईल तेव्हा तिला स्वतःची चूक शोधत बसावं लागणार नाही. तक्ता उघडला, कालच्या ओळीवर आलो, संकष्टीच्या रकान्यात गेलो. तिथे शून्य होतं. मी वर-खाली बघितलं, ओळ चुकली का बघितलं. शून्यच. आता हा लॅपटॉप या घरातून बाहेर गेला नव्हता, आणि तो उघडणारी माणसं दोनच. काल खुर्चीत बसून ती उघडून बघत होती ते हेच. बघितलं, दुरुस्त केलं, मिटलं, फडक्यात गुंडाळलं. मग तोंड धुतलं. मग दारात आली. हे सगळं माहीत असताना ती दारात आली होती. मी लॅपटॉप होता तसा साड्यांखाली ठेवला. तिच्या साड्यांना मटकीचा आणि कापराचा वास येत होता.

दिवसभर तिने त्याबद्दल एक शब्द काढला नाही. जेवताना ताक वाढलं, लेकीचा फोन आला तो दिला, होस्टेलचं काम टिकलं म्हणून सांगितलं, तेवढंच. मी वाट बघत होतो, बोलेल, आदळेल, निफाडच्या भाषेत चांगलं खडसावेल, "लय शाने झालात का तुमी?" असं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. संध्याकाळ झाली. मी झोपाळ्यावर होतो, आणि मनात म्हणत होतो, आज येऊ नको. खरंच नको येऊस. कपाट उघड, हात धू, बटण दाब. पावलं वाजली. दारात ती उभी होती, पदराला हात पुसत, माझ्याकडे सरळ बघत. नखांत अजून हळद होती.

"उद्या किती धरू?"

तिला सगळं माहीत आहे हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिला. मी पंख्याकडे बघितलं. मागचा गुरुवार, त्याच्या आधीचा, काही केल्या आठवेना. ती थांबली होती. नेहमीपेक्षा जास्तच थांबली. मी एक आकडा सांगितला.

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. मी टीव्ही लावला आणि आवाज मोठा केला.